मर्डोने गार करून ठेवलेल्या बाटल्या

माझ्या नवऱ्याचा, सेल्विनचा, आवाज मी तीस वर्षांत इतका चढलेला ऐकला नव्हता. गॅरेजमधल्या जुन्या फ्रिजचं दार सताड उघडं होतं आणि त्याचा थोरला भाऊ मर्डो शेजारी शांतपणे बिस्किट खात होता.

"तुला कोणी सांगितलं होतं हे?"

"बिअर गारच पितात ना? म्हटलं, तुझं तेवढंच काम हलकं होईल."

"अरे, भरून चार दिवस नाही झाले! दोन आठवडे उबेत राहिल्या की यीस्ट साखर खातं आणि आत गॅस धरतो. गार करायचं त्यानंतर. तू तर यीस्टला झोपवून टाकलंस!"

"मग उठव की."

बाटलीबाटलीत मोजून साखर घालून सेल्विनने घरी केलेल्या बिअरच्या चाळीस बाटल्या भरल्या होत्या, त्या इशबेलसाठी. ही दोघांची धाकटी बहीण एकसष्टाव्या वर्षी लग्न करत होती, टपाल वाटणाऱ्या एका विधुराशी. आहेर नको म्हणाली होती. "फक्त सेल्विनची बिअर. वर बोटभर फेस हवा." लग्न अकरा दिवसांवर होतं.

डनेडिनच्या जुलैत, म्हणजे ऐन हिवाळ्यात, आमच्या घरात उबेची जागा एकच, गरम पाण्याच्या टाकीचं कपाट. माझ्या चादरी, टॉवेल सगळं पलंगावर आलं. सेल्विनने एकेक बाटली हळूच उलटसुलट करून तळाचा गाळ हलवला आणि आत रचली.

मर्डो रोज सकाळी हजर. "एक उघडून बघू या का?"

"उघडली की गेली ती!"

"मग आणखी चमचा चमचा साखर घाल."

"बाटल्या फुटतील, मर्डो! काचा कोण वेचणार?"

"मी नाही," मी आतूनच ओरडले.

लग्नाच्या आदल्या दिवशी सेल्विनने एक उघडली. जेमतेम फुस्स झालं. फेस नाहीच. तो न्हाणीघरात टबच्या काठावर बसून राहिला. "आयुष्यात एक गोष्ट मागितली तिने माझ्याकडे."

मर्डो टोपी घालून म्हणाला, "तिला मी सांगतो. चूक माझी आहे."

तासाभरात इशबेल स्वतःच आली. "तुमची भांडणं ऐकण्यात माझं आयुष्य गेलं. उद्या दुकानातली पिऊ. दोन आठवड्यांनी आम्ही जेवायला येतो."

आली तेव्हा मटण ओव्हनमध्ये होतं. बाटल्या दोन दिवस गार होत होत्या, या वेळी सेल्विनच्या हातून. पहिली तिनेच उघडली. फेस ग्लासच्या वर चढला, तिच्या नाकाला लागला, आणि ती नवऱ्याकडे बघून हसत सुटली.

सेल्विनने मर्डोचा ग्लास शेवटी भरला, पण काठोकाठ.

"पुढच्या खेपेला बाटल्या भरायला मी येतो," मर्डो म्हणाला.

"नको!" आम्ही तिघं एकदम ओरडलो.