कणगीतली पांढरी पूड

तुम्ही आमच्या कणग्यांत विष घालून गेलात आणि जाताना नुसतं "धुऊन खा" म्हणालात. जास्त बोलायला तुम्हाला सवड नव्हती. जीप चालूच ठेवली होती.

कामरगावजवळचा आमचा तांडा तुम्हाला आठवत नसेल, म्हणून आठवण देतो. होळीच्या आधी आलात. "आता मुंबई राज्यात आलात, अडाणीपणा सोडा," म्हणालात. सोंडे ज्वारी पोखरतात, त्यानं देशाचं धान्य वाया जातं, असं भाषण केलंत. पांढऱ्या पुडीची पोती उतरवलीत, आमचे अंगठे घेतलेत. माझी याडी, म्हणजे माझी माय रामीबाई, पुढं झाली.

"साहेब, आमी राख लावतो ना ज्वारीले. तिले काय झालं?"

तुम्ही हसलात. "आजी, ही राखच समजा. सुधारलेली राख."

समजलो. राख कशी लावायची हे आमच्या बायांना चांगलं ठाऊक आहे. गोवरीची राख चाळायची, पोत्यामागं सूपभर घ्यायची, दाण्यांना हातानं चोळायची. वर-खाली कडुनिंबाचा पाला घालायचा आणि कणगीचं तोंड शेणमातीनं लिंपायचं. तुमची पूडही आम्ही पोत्यामागं सूपभर घेतली. हातानं चोळली. सहा पोती ज्वारी, आमचं वर्षाचं खाणं.

आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, जुनी ज्वारी सरली. माझ्या बायकोनं, भुरीनं, कणगी उघडली. तिला सातवा महिना. सुपातून चार दाणे सांडले, ते आमच्या दोन कोंबड्यांनी टिपले. दुपारी दोघी एका जागी गोल गोल फिरू लागल्या. मान पाठीला लागली, पाय ताणले, संपलं.

भुरी कणगीत हात घालून उभीच होती. "सोंडा एकबी नाई," ती म्हणाली. "मुंगी नाई, जाळी नाई, काईच नाई. मले भेव वाटून राह्यलं."

मी कारंज्याला तुमच्या कचेरीत गेलो. कारकून चहा पीत होता.

"सूपभर?" तो म्हणाला. "अरे बाबा, मणाला मूठभरसुद्धा लागत नाही ती!"

"मंग आता धुतल्यानं जाते का?"

"ते साहेबांना माहीत. साहेब दौऱ्यावर आहेत. अन् कोंबड्यांचं काय घेऊन बसलास, उन्हाळ्यात त्या मरतातच."

घरी येऊन मी म्हणालो, सगळी ज्वारी नाल्यात फेकू. याडीनं माझ्याकडं असं पाहिलं, जसं मी भुरीला फेकायचं म्हणालो.

"सहा पोते फेकतं? मंग पावसाळाभर काय माती खातं?"

"मरू का मंग खाऊन?"

"तू कायले मरतं? मी खातो आधी. पाह्यतो काय होते ते."

"याडी, येडी झाली काय?"

"मंग कोन खाईन? तुले वावर पाह्यनं हाये. हे पोरगी दोन जीवाची हाये. मी मेलो त लेका, तुही रोजची एक भाकर वाचते."

ती हसली. आम्ही नाही हसलो.

पहिल्या दिवशी तिनं ज्वारी सात पाण्यानं धुतली, वाळवली, स्वतः दळली, भाकर केली आणि आमच्यासमोर बसून खाल्ली. आम्ही दोघं अंबाडीची भाजी पुढ्यात घेऊन तिच्या गळ्याकडं पाहत होतो. काही झालं नाही.

पण रोज सात पाणी आणायचं कुठून? नाल्याच्या वाळूत खणलेल्या झिऱ्यावर वाटीनं घागर भरतात, एका घागरीला अर्धी सकाळ जाते. म्हणून दुसऱ्या दिवशी तिनं सहा पाण्यानं धुतली. तिसऱ्या दिवशी पाच. जे माप तुम्ही सांगायला पाहिजे होतं, ते माझी माय स्वतःच्या पोटात घालून काढत होती. आणि सगळा तांडा तिच्या तोंडाकडं डोळे लावून होता. पूड सगळ्यांच्याच कणग्यांत आहे.

शेजारची रुखमाबाई रोज कुडापलीकडून विचारायची, "रामी, जिती हायस का व?"

"तुह्या आधी नाई जात."

"आज किती?"

"पाच."

"पाच पाण्यात माही कंबर गेली. चार करून दाखव, बाई."

याडीनं चार केलं. मग तीन.

तीन पाण्याची भाकर खाल्ली त्याच्या दुसऱ्या सकाळी तिनं पाण्याचा लोटा उचलला, तर पाणी तोंडात न जाता गळ्यावर सांडलं. "म्हातारपन," ती म्हणाली. पण मी तिचा अंगठा पाहिला. आपोआप उडत होता. तिनं हात मांडीखाली दाबला.

भुरीनं तो हात ओढून बाहेर काढला. "याडी, कवापासून?"

याडी हात सोडवायला लागली.

"कवापासून, सांग ना व!"

"पाचाची खाल्ली ना, त्या सांजपासून थोडं थोडं."

"मंग बोलली काऊन नाई?"

"मले वाटलं वय झालं म्हनून होते. बोललो असतो त तुमी ज्वारी फेकली असती."

मी कुडापलीकडं धावलो. रुखमाबाई चुलीपाशी होती. परातीत पीठ, तव्यावर भाकर, दोन नाती जेवायला बसलेल्या.

"किती पाण्याची हाये हे?"

"चाराची. कालपासून खाऊन राह्यलो. काऊन रे?"

मी पोरींच्या हातातल्या भाकरी हिसकल्या. त्या रडायला लागल्या. मी त्यांचे अंगठे पाहत बसलो. अजून शांत होते. अजून, एवढंच म्हणू शकतो.

कोणाच्या अंगात ते किती गेलं, आम्हाला कळत नाही. सात पाण्यानं धुतलेल्या भाकरीतूनही गेलं असेल. याडी खाटेवर पडून आहे, हात पदरात बांधून. आम्हाला दिसू नये म्हणून बांधला, असं भुरी म्हणते. तांड्यावरच्या बाया धुतलेली ज्वारी चटईवर पसरून बसल्यात. दळायची का पुरायची, त्यांना ठरवता येत नाही, आणि पोरं भुकेली आहेत.

मी तुमच्या कचेरीच्या पायरीवर बसून हे लिहिलं आणि आत पाठवलं. साहेब, आज तुम्ही दौऱ्यावर नाही. जीप झाडाखाली उभी आहे. अर्ज नको, तारीख नको. बाहेर या आणि सांगा. ही पूड किती पाण्यानं जाते? का पाण्यानं जातच नाही?