आधी फोटो

...टोपी लोण्याच्या डबीला टेकून बसली होती. लाल-काळ्या चौकड्यांची, कानांवर ओढून घ्यायची, आतून लोकरीची – डेल्मरची टोपी, फ्रिजच्या मधल्या फळीवर, ओव्हनमध्ये भाजलेल्या, कालच्या उरलेल्या बटाटे-खिम्याच्या हॉटडिशशेजारी, जशी काही तिची जागा तीच. फ्रिजचा पिवळट उजेड तिच्यावर पडला होता आणि एका कानपट्टीवर बारीक ओल धरली होती. मार्लिसचा हात नवऱ्याच्या टोपीकडे गेलाच नाही. तो एप्रनच्या खिशात गेला, कॅमेऱ्याकडे. दुधाचा डबा चौकटीबाहेर राहावा म्हणून ती जरा डावीकडे सरकली, श्वास धरला, खटका दाबला. मग टोपी काढून झटकली आणि दाराजवळच्या खुंटीला लावली.

हल्ली असंच. आधी फोटो, मग आवराआवर.

यात वाईट काय आहे? – ती स्वतःला विचारी, आणि उत्तरही स्वतःच देऊन टाकी. जन्म शाळेच्या स्वयंपाकघरात गेला, शेकडो पोरांच्या ताटात मॅश केलेले बटाटे वाढण्यात. लिहिणं म्हणजे काय ते किराणा सामानाच्या यादीपलीकडे ठाऊक नव्हतं. निवृत्त झाल्यावर गावच्या लायब्ररीत गोधडीच्या वर्गाला म्हणून गेली आणि चुकून कोरिनच्या लेखनमंडळात बसली. कोरिन जुनी मास्तरीण, आवाज अजून वर्गातल्या शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. तिची रीत एकच. दर गुरुवारी प्रत्येकाने एक फोटो आणायचा, रोजच्या जगण्यातला – सूर्यास्त नको, नातवंडं नकोत. "फोटोच्या आधी काय झालं आणि नंतर काय होणार, ते खोटं लिहा," कोरिन सांगायची. "बिनदिक्कत खोटं! खरं काय ते सांगायला वर्तमानपत्र आहे." आणि मार्लिसला ते जमलं. अगंबाई, काय जमलं! बर्फात अर्ध्या गाडलेल्या टपालपेटीच्या फोटोवर तिने लिहिलेलं पान सगळ्या टेबलाने पुन्हा वाचायला लावलं होतं. चाळीस वर्षं जिचं जेवण लोक मुकाट्याने गिळत होते, तिचं वाक्य ऐकून कुणीतरी डोळे पुसले होते.

मग किटली आली. करपून काळी झालेली, बुडाला लाली चढलेली किटली, खाली निळी ज्योत. त्या फोटोतून म्हातारा निघाला – गोष्टीतला म्हातारा, हळूहळू आपलंच घर हरवत जाणारा. तो काही डेल्मर नव्हता. डेल्मर ठेंगणा, गोष्टीतला उंच. डेल्मर बडबड्या, तो घुमा. डेल्मर फक्त विसरतो. या वयात कोण विसरत नाही? ...पण म्हाताऱ्याला पुढे काय होतं ते डेल्मर आदल्या दिवशी करून ठेवायचा. उलटसुलट घातलेले बूट. दार सताड उघडं टाकून अंगणात उभा केलेला, रात्रभर हिमाने भरलेला पिकअप. ती फोटो काढी, आणि गुरुवारी टेबलावरच्या सगळ्या माना तिच्याकडे वळत – म्हाताऱ्याचं काय झालं गं पुढे?

किटलीच्या वेळी मी आधी ज्योत बंद केली होती. नक्की केली होती. फोटोसाठी पुन्हा लावली, एवढंच. दुसऱ्यांदा मात्र फोटो आधी. आणि मागच्या आठवड्यात न्हाणीतला नळ चालूच राहिला तेव्हा पाणी टबाच्या काठापासून बोटभर खाली होतं, आणि ती दारात उभी राहिली होती... काठावर येईपर्यंत. काठावर आलेलं पाणी जास्त चांगलं दिसतं. थोडं सांडलं. पुसलं तिने नंतर.

फोन वाजला. कोरिनच.

"शेवट झाला का?"

"नाही गं. अडकलंय."

"अडकायला काय झालं? आज गुरुवार आहे, बाई. सगळे जीव टांगणीला लावून बसलेत. वॉल्टर तर दातांच्या डॉक्टरची वेळ पुढे ढकलून येतोय." मग जरा थांबून, मास्तरणीच्या सुरात, "एक सांगू? राग मानू नकोस. तुझ्या गोष्टीत म्हाताऱ्याची बायको काही करतच नाही. नुसती बघते. शेवटी तरी तिला काहीतरी करू दे."

"बघते," मार्लिस म्हणाली, आणि तोंडातून निघालेल्या शब्दाने तिचं तिलाच कसंसं झालं.

डेल्मर स्वयंपाकघरात आला तेव्हा त्याने दाढी नीट केली होती, गॅलिसचे पट्टे सरळ होते, डोळे स्वच्छ. असे दिवस आले की वाटे, सगळा आपल्याच मनाचा खेळ. कॉफीचा घोट घेऊन त्याने हात चोळले.

"आज खोपटं काढून आणतो तळ्यावरून. बर्फावरून हलवायची तारीख उलटली तर तो अधिकारी येईल दंडाची पावती फाडायला."

त्याच्या खांद्यावरून खिडकी दिसत होती. खिडकीतून गॅरेज, आणि गॅरेजला लागून खोपटं – हिरवं, पत्र्याच्या छपराचं, ज्यात बसून त्याने साऱ्या हयातीतले हिवाळे बर्फाच्या भोकातून वॉलाय मासे काढले होते. शनिवारीच गॉर्डीने ट्रॅक्टर लावून ते बर्फावरून ओढून आणलं होतं. डेल्मर दोर धरून बरोबर चालत होता. गॉर्डी गळाला लावायचे जिवंत मासे विकतो, डेल्मरचा बालमित्र. जाताना त्याने मार्लिसला बाजूला घेतलं होतं. "त्याने आज मला माझंच नाव विचारलं, मार्लिस. हसण्यावारी नेऊ नकोस. बर्फ वरून पांढरा दिसतोय, पण आतून कुजलाय. त्याला एकटा जाऊ देऊ नकोस, आणि ती पहार आधी लपव. पहार हातात आली की तो निघालाच म्हणून समज." हो हो, लपवते, ती म्हणाली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन तिरकं येऊन दारामागच्या पहारीवर पडलं, आणि ती किती एकटी दिसत होती... फोटो फार छान आला. पहार तिथेच राहिली.

आता सांगायचं. दोन शब्दांचं काम आहे – ते बघ, खोपटं घरीच आहे.

"कॉफी गार होतेय," ती म्हणाली.

"होऊ दे. आणि असं तोंड करू नकोस. हा बर्फ मी चड्डीत मुतत होतो तेव्हापासून ओळखतो. तुझ्या हॉटडिशपेक्षा भरवशाचा आहे."

ती हसली. हसू खरंच आलं, हेच तर! चांगला आहे गं तो, अजून चांगला आहे. खरं सांगू? चूक दाखवली की त्याचं जे तोंड होतं ते मला बघवत नाही – आधी राग, मग चपापणं, मग शाळेत मार खाल्लेल्या पोरासारखं ते खाली बघणं. काल दिवसभरात कितीदा सांगितलं असेल. प्रत्येक वेळी तेच तोंड. माणसाने किती वेळा एखाद्याला तसं करावं? ...हे तिने मनाशी म्हटलं, आणि ते खोटंही नव्हतं. पण त्याच्या खाली दुसरं काहीतरी होतं, भाताच्या तळाशी खरवड धरावी तसं, आणि तिकडे ती चमचा नेत नव्हती.

त्याने टोपी घातली. "ओली कशी काय ही?" पुटपुटला. पहार उचलली. दार लागलं.

सिंकपाशी उभी राहून ती हात धूत राहिली. त्यांचं अंगण उतरत थेट तळ्यापर्यंत जातं. तो खोपट्याला लागूनच गेला, इतका जवळून की बाहीला छप्पर घासलं असावं, आणि त्याने मान वळवून पाहिलं नाही. शेजारच्या बाई कुत्रा फिरवत होत्या. त्यांनी हात केला, त्याने केला. मार्च संपत आलेला असो नाहीतर काही असो, हातात पहार घेऊन निघालेल्या म्हाताऱ्याला इथे कोणी कुठे म्हणून विचारत नाही. त्याला कळत असणार, असंच सगळे धरून चालतात.

कोट. बूट. कॅमेरा – कोटाच्या आधीच गळ्यात आला होता बहुतेक.

काठावर वारा नव्हता. जमीन आणि बर्फ यांच्यामध्ये काळसर पाण्याची पट्टी सुटली होती, आणि कुणीतरी टाकलेली फळी तिच्यावर आडवी होती. डेल्मर ती ओलांडून गेलाही होता. पलीकडे तळं करड्या रंगाचं, ठिकठिकाणी गडद डाग, ओल्या कागदावर तेल उतरावं तसे. तो चालत होता, जसा लहानपणापासून चालत आला होता – पुढे पहार आपटायची, ऐकायचं, मग पाऊल. हाताला सगळं आठवत होतं. जानेवारीत पहार ठणठण वाजते. आज आवाज येत होता थप, थप, पिठाच्या पोत्यावर मारल्यासारखा, आणि तो ऐकून न ऐकल्यासारखा पुढे जात होता. दूर बघत होता तो, डोळ्यांवर हात धरून. जिथे काही नव्हतं तिथे आपलं खोपटं शोधत होता.

तिने कॅमेरा डोळ्याला लावला.

किती चांगलं होतं ते! सगळं करडं आणि मधोमध एक लाल टोपी. डावीकडे जरा जास्त जागा सोडायची, म्हणजे तो जिथे चाललाय ती रिकामी जागा दिसेल. वॉल्टर मान हलवेल. कोरिन चष्मा काढेल. आणि त्या चौकटीत पाहता पाहता, इतके दिवस अडलेला शेवट आपणहून यायला लागला, एकामागून एक वाक्य, थंड आणि स्पष्ट. म्हातारा बर्फावर निघाला. त्याला वाटलं, घर पुढे आहे. बर्फ मऊ वाजत होता. आणि काठावरून त्याच्या बायकोने हाक मारली – थांब! ते इथे नाही, घरी आहे, परत ये! – जीव तोडून हाक मारली, एकदा, दोनदा, नाव घेऊन.

हाक तिला लख्ख ऐकू आली. इतकी की छाती मोकळी झाली, डोळ्यांत पाणी आलं. चला, केलं बाई एकदाचं काहीतरी. आता तो वळेल. ती वाट बघत राहिली, बोट खटक्यावर ठेवून, त्याचं तोंड दिसायची.

तो वळला नाही. पहार उचलली गेली, पडली. थप. आणखी एक पाऊल.

शेजारच्या बाईंचा कुत्रासुद्धा भुंकला नव्हता. कुठे काही हललं नव्हतं. तिने जीभ हलवून पाहिली. ती कोरडी होती, टाळूला चिकटलेली, ओठ थंडीने मिटून गेलेले, आणि ते, तो दाराबाहेर पडल्यापासून, उघडलेच नव्हते... हाक मारली होती ती म्हाताऱ्याच्या बायकोने. ती कोण बाई? कुठे असते ती? देवा, मी काय करतेय इथे?

आता मारायची. आता खरंच, घसा फाडून मारायची, असं ती स्वतःला सांगत होती – तो लहान लहान होत चालला होता – आता, या क्षणी, पुढचं पाऊल पडायच्या आत. आणि सांगता सांगता तिला जाणवलं की हे वाक्यही चांगलं झालंय.