जोडीतला दुसरा

चांदमलशेठनी उचललेलं पाऊल तसंच अधांतरी धरलं आणि टॉर्च खाली वळवली. गटाराच्या कडेनं मुंग्यांची रांग चालली होती. प्रत्येकीच्या तोंडात पांढरं अंडं.

"अगं, मुंग्या घर बदलतायत," ते म्हणाले आणि रांग जपून ओलांडली.

कस्तुरबाई गेल्याला दुसरं वर्ष लागलं होतं. दिवस मावळायच्या आत जेवण आणि अंधार पडल्यावर जुन्नरच्या पेठेतून एक फेरी, हा दोघांचा शिरस्ता. पायाखाली जीव येऊ नये म्हणून त्या खाली बघत चालायच्या. शेठ दुकानांच्या पाट्या बघत. "गोगलगाय आहे, थांबा," त्या म्हणायच्या. शेठ "हं" म्हणून पुढे निघून जायचे. सगळा संसार त्या "हं"वर झाला. आता बघायचंही त्यांनीच, सांगायचंही त्यांनीच.

एकट्यानं बोलणाऱ्याला लोक वेडा ठरवायला वेळ लावत नाहीत. पण शेठची लाज बिबट्यानं राखली होती. उसातून तो वस्तीच्या कडेला येऊ लागला, तेव्हापासून वनखात्याचं सांगणं होतं की अंधारात गप्प चालू नका. पोरं मोबाइलवर गाणी लावत, शेठ बोलत. कुणाला काही वावगं वाटलं नाही.

काल तो पिंजऱ्यात सापडला. रामनाथ इस्त्रीवाला सकाळपासून येईल त्याला सांगत होता, "आता घोर न्हाई. बिबट्या एकटाच राहतो, दुसऱ्याला जवळ येऊ देत न्हाई." गावाला हायसं वाटलं. शेठना मात्र संध्याकाळी जेवण गेलं नाही.

आज गप्पच फिरायचं असं ठरवून ते निघाले होते. मुंग्यांनी घोटाळा केला. पुढे कडुनिंबावर पिंगळा ओरडला आणि पुन्हा तोंडातून गेलं, "ऐकलंस का?"

समोरच रामनाथची टपरी होती. शर्ट न्यायला आलेला सुनील, त्यांच्या मुलाचा मित्र, वळून बघू लागला.

"काका, कुणाशी बोलताय? बिबट्या तर धरला काल."

हे मुलाच्या, संयमच्या कानावर गेलं, तर तो गाडी घेऊन येणार आणि पुण्याला अकराव्या मजल्यावर नेऊन ठेवणार. तिथं खाली बघितलं तर नुसत्या फरश्या. शेठच्या हातातली टॉर्च उगीच चालू-बंद होत राहिली.

रामनाथनं इस्त्री उभी केली.

"एक धरलाय. जोडी व्हती त्यांची."

"जोडी? सकाळी तर तुम्हीच..."

"जोडीतला एक गेला, तरी दुसरा ठिकाण सोडत न्हाई. लई दिवस तिथंच फिरत राहतो." रामनाथ शर्टाची कॉलर नीट करत होता, वर बघत नव्हता. "तुमी बोलत जावा, शेठ."

शेठनी मान हलवली. ते पुढे निघाले. वळणावर ओल्या रस्त्यात काहीतरी चकाकलं, म्हणून त्यांनी टॉर्च धरली.

"अगं, गोगलगाय आहे," ते चांगलं मोठ्यानं म्हणाले. "थांबतो."

आणि ती पलीकडे पोचेपर्यंत उजेड धरून उभे राहिले.