डावा खांदा

हेल्मेटच्या पट्ट्याचं ते बटण, डाव्या गालाजवळचं, एमेटनं उजव्या हातानं लावलं. हनुवटीखालून हात वळवून, मान जरा झुकवून. अमेरिकन फुटबॉलच्या सरावाच्या शेवटच्या वीस मिनिटांत, बावीस पोरं एकमेकांवर आदळत असताना, बटणाकडे कोण बघतं... पण लायल हॅवरकँपनं बघितलं, आणि एकतीस वर्षांपूर्वी निखळलेल्या त्याच्या स्वतःच्या खांद्यात काहीतरी हललं.

त्यानं शिट्टी मारली. "एमेट, खांदा काय म्हणतोय?"

"काय म्हणणार, कोच? मस्त आहे."

"त्याला खांदा कुठाय, कोच? कानाखाली नुसती मानच मान," मागून कुणीतरी म्हणालं. पोरं हसली. एमेटही हसला, पण हसताना त्याचा डावा हात बरगडीपासून सुटला नाही.

मस्त आहे. बरं. मी विचारलं, त्यानं सांगितलं. उद्या शनिवार, मोसमातला शेवटचा सामना. जिंकलो तर सात वर्षांत पहिल्यांदा विजेतेपद, हरलो तर... कॉलेजच्या अध्यक्षांनी कॉफी ओतता ओतता सांगितलंच होतं, "लायल, आता नव्या दमाचं कुणीतरी बघावं म्हणतात लोक." आणि समोरचा धावपटू बचावाची फळी फोडून आला की त्याला आडवा पाडणारा आमच्यात एकच, हा चौथ्या वर्षाचा, चव्वेचाळीस नंबरचा एमेट रीडी.

दरवर्षी ऑगस्टमध्ये नव्या पोरांना लायल ती गोष्ट सांगे. इथंच खेळत असताना गुरुवारच्या सरावात त्याचा खांदा निखळला, खोलीतल्या मित्रानं पट्ट्या आवळून बांधला, आणि शनिवारी त्याच खांद्यानं शेवटचा गडी गोलरेषेपासून दोन फुटांवर पाडला. "कोच व्होटावांना पत्तासुद्धा लागू दिला नाही," इथं तो नेहमी थांबे, आणि पोरांचे डोळे चमकत. खांदा पुन्हा कधी नीट बसलाच नाही, धाकट्या लेकीला जत्रेत खांद्यावर घेता आलं नाही, आजही शर्ट घालताना हात कानाच्या वर जात नाही — हे तो सांगत नसे. पुढच्याच आठवड्यात व्होटावांनी त्याला हाताखाली नोकरी दिली, हे मात्र सांगे. जिद्दीचं बक्षीस!

व्होटावा मैदानाच्या कडेला घडीच्या खुर्चीत बसले होते. पंच्याऐंशीचे, मांडीवर घोंगडी, एका डोळ्यात मोतीबिंदू. नोव्हेंबरचा वारा मक्याच्या कापलेल्या शेतांवरून थेट अंगावर येत होता. लायल जवळ गेला तेव्हा त्यांनी मान वळवली नाही.

"तुझ्या त्या चव्वेचाळीस नंबरच्या पोराचा डावा खांदा गेलाय."

"इथून दिसलं तुम्हाला?"

"पन्नास वर्षं दुसरं काय बघितलंय मी? खांदा निखळलेला पोरगा चार पावलं चालला की कळतं." त्यांनी थर्मासचं झाकण सावकाश फिरवलं. "डॉक्टरकडे पाठवलंस का?"

"नाही अजून."

"मग एकदा विचारलंस तेवढं पुरे. पुन्हा विचारू नकोस. विचारलं की उत्तर ऐकावं लागतं, लायल."

ते अगदी मायेनं बोलले. जुन्या शिष्याला मोसमाच्या शेवटी द्यावा तसा सल्ला — आणि लायलनं खुर्चीपासून चव्वेचाळीस नंबरापर्यंतचं अंतर नजरेनं मोजलं. साठ फुटांवरून, एका डोळ्यानं... आणि तेव्हा तर दोन्ही धड होते. चार पावलं. मी त्या शुक्रवारी सबंध मैदान चाललो होतो यांच्यासमोर.

मग ती नोकरी कशाचं बक्षीस?

कोच, तुम्हाला ठाऊक होतं — एवढंच विचारायचं होतं. जिभेवर आलंही. पण व्होटावा कॉफी फुंकत होते, आणि लायल वळून मैदानाकडे चालू लागला. चालताना त्याला वाटलं, आता राग येईल. राग आला नाही. त्याऐवजी आली ती शुक्रवारची दुपार, जी त्यानं कधी कुणाला सांगितली नव्हती, स्वतःलाही नाही. सराव संपल्यावर तो व्होटावांच्या खोलीत गेला होता. काहीतरी फुटकळ विचारायला. विचारून झालं तरी दारात उभाच. "आणखी काही?" व्होटावांनी मान वर न करता म्हटलं. "नाही, कोच." तरीही तो उभा होता, किती वेळ कोण जाणे, हात बरगडीशी धरून... लपवायला नव्हे. त्यांनी बघावं म्हणून. एकदा तरी मान वर करून बघावं म्हणून.

पोरं कपडे बदलायला निघून गेली होती. एमेट एकटाच मागे रेंगाळला होता, बुटाच्या टोकानं गवत उकरत.

"जायचं नाही का?" लायल म्हणाला.

"निघालोच, कोच."

पण तो निघाला नाही. आणि आपण त्याच्या चेहऱ्याकडे बघायचं टाळतो आहोत, हे लायलला कळलं. केव्हापासून, तेही कळलं. एमेट तिथंच उभा होता, डावा हात बरगडीशी धरून... लपवायला नव्हे.