दोन कप्प्यांची पिशवी

मित्रांनो, मी एक जुनी कापडी पिशवी आहे आणि सध्या फार चिडलेली आहे. पिशवीला कसला आलाय राग, असं म्हणाल. आधी माझी हकीगत ऐका, मग म्हणा.

माझा जन्म आरोंद्याला, सुगराच्या शिलाई मशिनवर झाला. तिचा नवरा गनी खाडीत मासे मारतो. त्याच्या चौकड्यांच्या लुंगीचं कापड मजबूत निघालं, त्याचीच तिने मला शिवली. मी बाजारात जाऊ लागले. कोकम, पाव, नारळ, काय काय वाहिलं मी! शेजारणी माझे बंद ओढून बघत आणि म्हणत, "बरी शिवलंस गो!" तेव्हा मी रिकामी असले तरी फुगायचे.

मग सुगराला मधुमेह झाला. सरकारी आरोग्य केंद्रातल्या किशोरी सिस्टरने तो शोधला, तिला मायेने समजावलं आणि गोळ्या दिल्या. पण मुलगा रमीझ मुंबईहून सुट्टीवर आला की म्हणायचा, "फुकटच्या गोळ्यांनी काय होतला? चल, कणकवलेक मोठो डॉक्टर आसा." आईला चांगल्यात चांगलं मिळावं, एवढंच त्याच्या मनात होतं. लेकाचं मन मोडवेना म्हणून सुगरा कणकवलीच्या खाजगी दवाखान्यात जायची. तो परत गेला की पुन्हा किशोरीकडे.

एक दिवस तिने मला परत मशिनखाली घेतलं आणि माझ्या पोटात मधोमध पडदा शिवला. एका कप्प्यात सरकारी गोळ्या, दुसऱ्यात कणकवलीच्या. सून अफशाने कारण विचारलं, तर म्हणाली, "सिस्टरीक कळला तर तिका वाईट वाटतला. आणि डॉक्टराक कळला तर तो माका ओरडतलो." जिथे जाईल तिथला कप्पा ती उघडायची आणि दुसरा मुठीत घट्ट धरायची. कुणाला दुखवायचं नाही, हा आमच्या माणसांचा स्वभाव.

पण ज्यांचं कामच विचारण्याचं, त्यांचं काय? सुगरा केंद्रात दिसली नाही की तिथल्या संगणकात तिच्या नावापुढे 'उपचार सोडले' असं उमटायचं. अरे, ती कणकवलीत बाकावर बसली होती, मी तिच्या मांडीवर होते! ती दुसरीकडे कुठे जाते का, असं किशोरीने वरच्या कचेरीत विचारलंही. खाजगी दवाखान्यातल्या नोंदी आपल्याकडे येत नाहीत, असं उत्तर मिळालं. इकडे मोठे डॉक्टर मान खाली घालून विचारायचे, "आधी कुठे उपचार?" सुगरा म्हणायची, "खंय नाय." झालं, तपासणी पहिल्यापासून सुरू. दोन्हीकडे चकचकीत संगणक, पण एकमेकांशी अबोला.

माझ्या दोन कप्प्यांतल्या पाकिटांचे रंग वेगळे, नावं वेगळी, पण आतलं औषध एकच होतं. सुगरा दोन्ही घ्यायची, एक सिस्टरच्या मायेखातर आणि एक लेकाच्या.

एका सकाळी मासे साफ करता करता तिला दरदरून घाम फुटला, हात थरथरले आणि ती मागच्या पायरीवर कोसळली. अफशाने मला काखेत मारलं आणि सासूला रिक्षात घातलं. केंद्रात किशोरीने बोटातलं रक्त तपासलं. साखर जीव जाण्याइतकी खाली गेली होती. शिरेतून ग्लुकोज देता देता तिने विचारलं, "गोळ्या कुठल्या चालू आहेत?" मला ओरडून सांगावंसं वाटत होतं. अफशाने मला सरळ उलटी केली. दोन्ही पाकिटं शेजारी शेजारी पडली. किशोरीने ती वाचली आणि अफशाला दाखवलं, दोन्हींत औषध एकच, म्हणजे सुगरा रोज दुप्पट घेत होती.

सुगरा शुद्धीवर आल्यावर किशोरी तिला म्हणाली, "सुगराबाय, ह्या आधी कित्याक सांगूक नाय?" घरी गेल्यावर सुगराने कात्री मागितली आणि माझा पडदा स्वतःच्या हाताने उसवला.

पुढच्या खेपेला कणकवलीचे डॉक्टर म्हणाले, "फक्त माझ्या गोळ्या दाखवा, बाकीचं राहू द्या." जन्मात कुणाला उलट न बोललेल्या सुगराने मला त्यांच्या टेबलावर रिकामी केली. "नाय. सगळे बघा," ती म्हणाली.

डॉक्टरांनी मान वर केली. सगळी पाकिटं पाहिली. मग किशोरीचा नंबर मागून घेतला आणि तिथूनच फोन लावला. दोन मिनिटांत दोघांचं ठरलं, कुठली गोळी ठेवायची आणि कुठली बंद करायची.

इतकं सोपं होतं ते! एका फोनचं काम, आणि त्यासाठी माझ्या सुगराला मरणाच्या दारात जाऊन यावं लागलं. मी का चिडू नये?

मित्रांनो, तुमच्या घरीही आजी-आजोबांच्या औषधांची पिशवी असेल. दवाखान्यात गेलात की ती पूर्ण उलटी करा. आणि समोरचा माणूस मान वर करून बघत नाही, तोवर खुर्चीवरून उठू नका.