पातीएवढी फट

हारूनच्या मआमीरमधल्या वर्कशॉपात सहा लांब पेट्या उतरल्या, तेव्हा झाकण उघडायच्या आधीच रावजी परबने वास ओळखला. वर्षानुवर्षं बंद राहिलेल्या ग्रीसचा वास होता तो. लष्करात त्याची सगळी नोकरी बंदुका खोलण्यात आणि जोडण्यात गेली होती. निवृत्त झाल्यावर एकाहत्तर साली तो बहारीनला आला. गेली बारा वर्षं तो पंप आणि डिझेल इंजिनं दुरुस्त करत होता.

"उघड, उस्ताद," हारून म्हणाला. "तुझ्या जुन्या ओळखीच्या आहेत."

आत हेवी मशीनगन होत्या, पॉइंट फिफ्टी, म्हणजे अर्ध्या इंची गोळीच्या. रावजीने फडक्याने ग्रीस पुसून शिक्के वाचले. पहिला शिक्का अमेरिकेतल्या मोटारींच्या एका कारखान्याचा, साल १९४३. त्याशेजारी दुसऱ्या कुठल्या तरी सैन्याचा. तिसरा कुणी तरी कानशीने घासून टाकला होता. पहिलं महायुद्ध संपता संपता कागदावर आलेला हा नमुना दुसऱ्या महायुद्धात विमानांवर, जहाजांवर, रणगाड्यांवर लाखांनी चढला. युद्ध संपलं, पण बंदुका राहिल्या. एका देशाने त्या दुसऱ्याला दिल्या, दुसऱ्याने तिसऱ्याला विकल्या. चाळीस वर्षांनंतरही एकीचा भाग दुसरीला जसाच्या तसा बसत होता. या सहा भंगारात काढताना त्यांच्या फक्त नळ्या कापल्या होत्या. नव्या नळ्या वेगळ्या पेटीतून आल्या होत्या.

"कुणासाठी?" रावजीने विचारलं.

"पाण्यापलीकडच्यांसाठी."

"पलीकडे दोन देश एकमेकांशी लढतायत, शेठ."

"दोन्ही माझी गिऱ्हाइकं. यल्ला, गुरुवारपर्यंत नळ्या बसव."

रावजीचा पासपोर्ट हारूनच्या खणात होता. मागच्या वर्षी एका फिटरने कामाला नाही म्हटलं, तो तिसऱ्या दिवशी परतीच्या विमानात बसला. कुडाळला रावजीचं घर नुकतं जोत्यावर आलं होतं. तो नाही म्हणाला नाही.

ऑफिसातला वसईचा विल्फ्रेड कागद घेऊन दारात आला. "रावजी, मी 'पंपाचे सुटे भाग' असं टाइप केलंय. पाणी येईल ना ह्यातून?"

"टाइप कर नि गप ऱ्हव," रावजी म्हणाला.

या बंदुकीची एक खोड रावजीला पक्की ठाऊक होती. नळी बदलली की नळीचं मागचं तोंड आणि बोल्ट यांच्यातली फट नव्याने लावावी लागते. त्यासाठी पोलादी पातींची एक गेज असते. एक पात आत गेली पाहिजे, दुसरी जाता कामा नये. फट जास्त राहिली तर काडतूस पुरता आधार न मिळता मागून फुटतं आणि बंदूक उघडी पडते. नोकरीत एका रेंजवर त्याने हे एकदा पाहिलं होतं. बंदूक कायमची निकामी झाली होती. मागे बसलेल्या नाईकाच्या गालात पितळेचे तुकडे घुसले होते आणि एक डोळा गेला होता.

बुधवारी रावजीने सहाही नळ्या बसवल्या आणि सहाही फटी मोठ्या ठेवल्या. बाहेरून काही दिसत नव्हतं. पहिल्या फैरीतच एकेक बंदूक संपणार होती. तो नाईक आठवला तेव्हा त्याने मनात हिशेब मांडला: सहा माणसं, आणि त्या सहा बंदुकांसमोर येणारी न मोजलेली माणसं. हिशेब बरोबर वाटला. तो जेवला आणि झोपलाही.

गुरुवारी सकाळी हारूनने त्याला लाँचवर बसवलं. पेट्या आत होत्या. माल घ्यायला कमाल नावाचा माणूस आला होता. पन्नाशीचा, दाढी पांढरी, हिंदी मोडकी पण गोड. सित्र्याच्या धक्क्यापासून दोन तास बाहेर समुद्रात गेल्यावर त्याने रिकामं पिंप पाण्यात सोडायला लावलं. पहिली बंदूक तिवईवर चढली. कमालने काडतुसांचा पट्टा भरला आणि बाजूला सरकला.

"बैस, उस्ताद."

"मी?"

"आमच्यात जो जोडतो, तो पहिली फैर झाडतो. तुमच्यात नाही?"

त्यांच्या सैन्यातही होतं. बंदूक जोडणाऱ्या आर्मररने हलगर्जी करू नये म्हणूनच ती रीत होती. बारा वर्षं डिझेलमध्ये हात घातलेल्या रावजीला ती आठवलीच नव्हती.

तो बसला. दोन्ही मुठी धरल्या, अंगठा घोड्यावर ठेवला. बंदुकीचं लोखंडी झाकण त्याच्या तोंडापासून वीतभर अंतरावर होतं. पिंप लाटेवर वर-खाली होत होतं. अंगठा दाबला की एक बंदूक कमी होणार होती. बाकीच्या पाच कमाल घेऊन जाईल की पाण्यात फेकेल, कोण जाणे. अंगठा मात्र जागचा हलेना. कालच्या हिशेबातल्या सहा माणसांत त्याने स्वतःला धरलंच नव्हतं.

"काय झालं?" हारूनने विचारलं.

"ट्रकमध्ये हादरे बसले असतील. नळी बघतो," रावजी म्हणाला. त्याने पट्टा उतरवला, खिशातून गेज काढली, नळी खाच खाच फिरवून फट बरोबर लावली. पात गेली. दुसरी गेली नाही. मग त्याने फैर झाडली. पिंपाच्या चिंध्या झाल्या.

हारूनने टाळ्या वाजवल्या. कमालने वाजवल्या नाहीत. तो रावजीच्या हातातल्या गेजकडे पाहत होता.

"बाकीच्यांनाही हादरे बसले असतील," तो शांतपणे म्हणाला. "मला दाखव."

रावजीने दुसरी दाखवली. तिसरीला कमालने गेज धरली, रावजीने नळी फिरवली. चौथीला उलट. पाचवी कमालने एकट्याने केली आणि ती अचूक होती. शिकवलेलं नीट कळलं की जवानाच्या तोंडावर जे समाधान दिसायचं, तेच त्याच्या तोंडावर होतं. त्याने रावजीला खजूर दिला.

सहावीला लाँच डोलली, कमालचा हात सुटला, नळी एक खाच सैल फिरली. त्याच्या लक्षात आलं नाही. त्याने गेज पुसली आणि झाकण लावायला घेतलं.

"खलास?"

रावजीने ती खाच पाहिली होती. सहातली एक. बोलायची गरज नव्हती, नुसती मान हलवली तरी चाललं असतं. कमाल झाकणावर वाकला होता. खजुराचा एक तंतू त्याच्या दाढीत अडकला होता. डोळे उन्हाने बारीक झाले होते.

"एक खाच घट्ट कर," रावजी म्हणाला.