सत्त्याण्णव अंश

सातवीच्या मुलांनी पाणी उकळायच्या आधीच ते किती अंशांना उकळलं हे वहीत लिहून ठेवलं होतं. तेही शाईने. स्पिरिटचे दिवे अजून पेटायचे होते, प्रयोगशाळेचे मामा बीकरमध्ये पाणी ओतत होते, आणि मी पहिल्या टेबलावरची वही सहज उचलली तर ‘निरीक्षण’ या शब्दापुढे ठसठशीत अक्षरांत: पाणी शंभर अंशांना उकळले. दुसरी वही, तेच. तिसरी, तेच, वर खाली दोन रेघा मारून. माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

पण ओरडायची सोय नव्हती. मागच्या बाकावर मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, नव्या वेळापत्रकाचा कागद मांडीवर घेऊन बसल्या होत्या. गुरुवारचे हे दोन सलग तास गणिताच्या सरांना उजळणीसाठी हवे होते आणि सर महिनाभर त्यांच्या कानाशी लागले होते. शेवटी मोठ्या बाई मला म्हणाल्या, “मी एकदा येऊन बसते. मुलं काही शिकतायत असं दिसलं तर तास तुमचे. नाहीतर पुढच्या आठवड्यापासून सरांचे.” आठवड्यातून तेवढे दोनच तास पोरांच्या हातात काही वस्तू येते. बाकी सगळा वेळ खडू आणि फळा.

म्हणून मी जय्यत तयारी केली होती. धडा सहावीचाच, पण मुद्दाम पुन्हा घेतला. आमचं गाव उंचावर. इथे हवेचा दाब कमी, त्यामुळे पाणी शंभराच्या आधीच उकळतं. रविवारी आठही थर्मामीटर घरी नेले आणि गॅसवरच्या पातेल्यात एकेक धरून बघितले.

“काय गं, पाण्याला ताप आलाय का?” नवरा म्हणाला.

“आलाय. सत्त्याण्णव,” मी म्हटलं.

आठहीत सत्त्याण्णव. मी लहान मुलीसारखी हरखले. बारा वर्षं हा धडा शिकवतेय, पण उकळत्या पाण्यात थर्मामीटर मी स्वतः त्या दिवशी पहिल्यांदा धरला. एरवी मामा पुढच्या टेबलावर एकच बीकर उकळायचे, मुलं रांगेने येऊन डोकावून जायची, आणि मी रांगेत कोण बोलतंय ते बघत बसायचे.

यंदा आठ गट, आठ दिवे. मुलांना सत्त्याण्णव दिसेल, ती चक्रावतील, ‘बाई, शंभर का नाही?’ म्हणून माझं डोकं खातील, असं मी मनात रंगवलं होतं. कसलं काय!

“वह्या मिटा,” मी म्हटलं. “आता नुसतं बघायचं.”

काडेपेट्या दमट निघाल्या. एका गटाचा दिवा चार वेळा विझला. एकाने थर्मामीटर बीकरच्या तळाला टेकवून धरला होता, तो मी वर उचलायला लावला. अर्धा तास असा गेल्यावर पाणी एकदाचं खळखळायला लागलं.

“किती?” मी पहिल्या गटाला विचारलं.

“शंभर!” थर्मामीटरकडे न बघता चौघं एका सुरात.

“शंभर,” दुसरा गट म्हणाला. तिसऱ्या गटातला एकजण वाकून बघून शेजाऱ्याच्या कानात काहीतरी पुटपुटला. शेजाऱ्याने त्याला कोपराने ढोसलं आणि मग तोही म्हणाला, “शंभर.”

“अरे, डोळे आहेत की बटणं?” मी करवादले. वर्ग खो खो हसला. मला मात्र भिंतीवर डोकं आपटावंसं वाटत होतं.

तोवर मोठ्या बाई टेबलाटेबलावरून वह्या चाळत फिरत होत्या. त्यांचा चेहरा खुलला होता. “वा! एकूण एक उत्तर बरोबर! एकाचंही चुकलेलं नाही.” त्यांनी कागद टेबलावर पसरला, पेनाचं टोपण काढलं. “तास तुमच्याकडेच राहू देत.”

गप्प बसले असते तर काम झालं होतं. पण शेवटच्या टेबलापाशी एक मुलगी थर्मामीटरकडे टक लावून बघत उभी होती. सहावीत असताना तिला सगळे ‘प्रश्नपत्रिका’ म्हणायचे, मीसुद्धा. दर वाक्याला तिचं ‘का’ ठरलेलं. यंदा तिने तोंड उघडलं नव्हतं. मोठी झाली, शहाणी झाली, असं मी धरून चालले होते. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखंच झालं होतं.

“किती दिसतंय?” मी विचारलं.

“सत्त्याण्णव.”

“मग वहीत शंभर का?” माझा आवाज चढलाच. “निदान तू तरी! बघायचं एक आणि लिहायचं भलतंच. कुणी शिकवलं गं तुला हे?”

आमच्याकडे सहावी-सातवीला मिळून एकच जाड प्रयोगवही असते. तिने तिचीच वही मागे उलटत नेली आणि माझ्यासमोर धरली. गेल्या वर्षीचं पान. पाणी सत्त्याण्णव अंशांना उकळले. सत्त्याण्णववर लाल काट. वर लाल शाईत शंभर. शेजारी ‘नीट पाहा’. दहापैकी सात. खाली माझी सही.

“मी दोनदा पाहिलं होतं, बाई,” ती हळूच म्हणाली. “मामांना विचारून.”

मामांनी मान डोलावली.

माझा चेहरा कानापर्यंत तापला. शिक्षकांच्या खोलीत वह्यांचा गठ्ठा पुढ्यात घेऊन मी भराभर सह्या ठोकत होते, ते आठवलं. नीट पाहा! हे मी तिला सांगत होते, जिने पाहिलं होतं. मी तर बारा वर्षांत एकदाही पाहिलं नव्हतं.

“सही करू नका, बाई,” मी मोठ्या बाईंना म्हटलं. “सगळ्यांचं चुकलंय. तुम्हीच बघा.”

त्यांनी चष्मा सावरून बघितलं. मग आणखी दोन टेबलांवर जाऊन बघितलं. “अहो, मग सगळ्यांनी शंभर कसं लिहिलं?”

“मी शिकवलं म्हणून.” मी ते पान त्यांच्यापुढे केलं.

त्यांनी ते सावकाश वाचलं आणि पेनाला टोपण लावलं. “म्हणजे बघितलं एकीनेच, आणि तिचेच तुम्ही तीन गुण कापलेत. मग हे तास तुमच्याकडे कशासाठी ठेवू?”

“सोमवारी सांगते,” म्हणून त्या कागद घेऊन निघून गेल्या.

मी लाल पेन काढलं. माझं ‘नीट पाहा’ खोडलं, साताचे दहा केले आणि शेजारी पुन्हा सही केली.

“राहू द्या ना, बाई,” ती म्हणाली. “तो निकाल कधीच लागला.”

पाणी आटून अर्धं झालं होतं. आता तरी ती ‘का’ म्हणेल म्हणून मी तिच्या शेजारी उभी राहिले. घंटा होईपर्यंत उभी राहिले. तिने दिव्यावर झाकण ठेवलं, थर्मामीटर पुसून मामांच्या हातात दिला. मग वहीचं आजचं पान उघडलं, शंभरवर एक बारीक रेघ मारली आणि वर सत्त्याण्णव लिहिलं. पेन्सिलीने.